मार्टिन रिंकार्ट

उपासनेच्या वेळीं उपकारस्तुतीचीं गीतें आपण नित्य गातों. तीं रचणाऱ्यांचीं चरित्रें मात्र आपण क्वचितच वाचतों. देशोदेशींच्या देवालयांत गाइल्या जाणाऱ्या अशा एका गीताचा कर्ता जर्मनींतील एक साधा पाळक होता. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस सांगावी असें आम्हांस फार दिवस वाटत होतें.

मार्टिन रिंकार्ट ह्यांचा जन्म २३ एप्रिल १५८६ रोजीं सॅक्सनी प्रांतांतील आयलेनबुर्ग गांवीं झाला. वडील लांकडी पिंपें बनविणारे कारागीर. लाइप्झिग येथील सेंट टॉमस शाळेच्या गायकवृंदांत मार्टिनला जागा मिळाली, आणि पुढें त्याच शहरच्या विद्यापीठांत त्यांचा धर्मशास्त्राचा अभ्यास झाला. १६१७ सालीं ते पाळक होऊन जन्मगांवीं परतले. दुसऱ्याच वर्षीं युरोपांत तीस वर्षांच्या युद्धास तोंड लागलें.

आयलेनबुर्गला तट होता. म्हणून आसपासचे भयभीत लोक तेथें आश्रयास येत, आणि त्या दाटींत रोगराई माजे. १६३७ सालीं प्लेगनें कहर केला. मुख्य धर्माधिकारी गांव सोडून गेले, दुसरे पाळक मृत्युमुखीं पडले. उरले एकटे रिंकार्ट. एकेका दिवशीं ४०-५० प्रेतांवर त्यांनीं अंत्यविधि केला. त्या वर्षीं त्यांच्या हातून सुमारें ४,४८० जणांस मूठमाती मिळाली असें चरित्रकार सांगतात. मे महिन्यांत त्यांची स्वतःची पत्नीहि गेली.

पाठोपाठ दुष्काळ आला. मेलेल्या मांजरासाठीं किंवा कावळ्यासाठीं तीस-चाळीस माणसें झटापट करीत, अशी वर्णनें आहेत. रिंकार्ट ह्यांनीं घरांतलें होतें नव्हतें तें भुकेल्यांस वांटलें, आणि स्वतःच्या मुलांच्या अन्नवस्त्रासाठीं पुढील वर्षांचें वेतन गहाण टाकलें. स्वीडिश सैन्यानें गांवाकडे ३०,००० थालर खंडणी मागितली, तेव्हां हेच पाळकसाहेब विनवणी करण्यास पुढें झाले. विनवणी फुकट गेली. मग त्यांनीं लोकांस देवालयांत नेलें आणि सर्वांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली. तें पाहून सेनापतीनें खंडणी पुष्कळच कमी केली.

आतां त्या गीताविषयीं. १६४८ सालीं तह झाला तेव्हां आनंदाच्या भरांत रिंकार्ट ह्यांनीं तें रचलें, अशी लोकसमजूत आहे. गोष्ट गोड आहे, पण सालें जुळत नाहींत. कारण योहान क्रूगर ह्यांच्या १६४७ च्या गीतसंग्रहांत तें चालीसह छापलेलें आहे. अभ्यासकांच्या मतें तें सुमारें १६३६ चें, म्हणजे महामारीच्याहि आधींचें असून, मुलांनीं जेवणानंतर म्हणावयाची साधी प्रार्थना म्हणून रचलेलें आहे. आमच्या दृष्टीनें हेंच अधिक मोलाचें. संकट टळल्यावर देवाचे उपकार कोणीहि मानील. येथें एक बाप, वेशीबाहेर युद्ध चालूं असतांना, मेजाभोंवतीं बसलेल्या लेंकरांस उपकार मानावयास शिकवीत होता. वर्षभरानें मरण घरांत शिरलें तेव्हां ते शब्द त्या मुलांस नव्यानें शोधावे लागले नसतील.

रिंकार्ट दुःखास दुःख म्हणत नव्हते असें मात्र कोणीं समजूं नये. गीताच्या दुसऱ्या कडव्यांत ते देवाजवळ आनंदी अंतःकरण व शांति मागतात, आणि सर्व संकटांतून सुटकाहि मागतात. मनाचा आनंद आपोआप येतो असें त्यांस वाटत नसे. रोजच्या भाकरीसारखा तोहि मागावा लागे. आणि त्याची गरज त्यांस पुढेंहि पडली, कारण ज्या नगरासाठीं ते इतके झिजले त्याच्या कारभाऱ्यांनीं त्यांची सेवा लौकरच विसरून पैशाच्या मागण्यांनीं त्यांचा छळ मांडला.

युद्ध संपलेलें त्यांनीं पाहिलें. परंतु तोंवर शरीर पार थकलें होतें. ८ डिसेंबर १६४९ रोजीं आयलेनबुर्ग येथेंच त्यांचें देहावसान झालें. पुढें बाख ह्यांनीं त्यांच्या गीतास मोठा संगीतसाज चढविला, आणि १७५७ सालीं लॉयथनच्या लढाईनंतर प्रशियाच्या सैनिकांनीं तें रणांगणावर गाइलें. आम्हांस तें जेवणाच्या मेजापाशींच अधिक शोभतें असें वाटतें.