रियासतकार सरदेसाई
(तृतीय वर्ष, वाणिज्य)

रोमन साम्राज्याचा इतिहास म्हटला की एडवर्ड गिबन या इंग्रज ग्रंथकाराचे नाव प्रथम पुढे येते. १७७६ ते १७८८ या काळात त्याच्या ग्रंथाचे सहा खंड प्रसिद्ध झाले. आयुष्याची ऐन वर्षे त्याने या एकाच ग्रंथाला दिली. हा ग्रंथ आपल्याकडील एका संस्थानिकाने इतक्या बारकाईने अभ्यासला की, त्यावरून काढलेली त्याची टिपणेच १८९६ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. हे संस्थानिक म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक गेला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. त्यामुळे पुढे त्याला वाचनाची जी भूक लागली, ती काही विलक्षणच होती. महाराजांना पुस्तके वाचून दाखविण्यासाठी दरबारात वाचक म्हणून स्वतंत्र माणूस नेमलेला असे.

१८८९ साली या जागेवर एक तेवीस वर्षांचा पदवीधर रुजू झाला. त्याचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. मराठी इतिहासाच्या वाचकांना हे नाव सांगावे लागत नाही. मात्र या माणसाने आपला इतिहास नोकरीच्या फावल्या वेळात लिहिला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गिबनला पोटाची चिंता नव्हती. सरदेसायांना दरमहा पगारासाठी हजेरी द्यावी लागत होती.

त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन या दोन महाविद्यालयांत शिकून १८८८ साली ते पदवीधर झाले आणि लगेच बडोद्यास गेले. तेथे वाचकाबरोबरच राजपुत्रांच्या शिक्षकाचे कामही त्यांच्याकडे आले. महाराजांच्या परदेश दौऱ्यांतही त्यांना सोबत जावे लागे. महाराजांच्या इच्छेवरून मॅकिआव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील सीली यांचे पुस्तक त्यांनी मराठीत आणले.

राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नव्हते. म्हणून ते स्वतःच टिपणे काढू लागले. टिपणांच्या वह्या वाढल्या, वह्यांची प्रकरणे झाली, आणि १८९८ साली 'मुसलमानी रियासत' बाहेर पडली. १९०२ पासून 'मराठी रियासत' निघू लागली. ती पुढे तीस वर्षे भागामागून भाग चालूच राहिली. मध्येच 'ब्रिटिश रियासत' झाली. लोक त्यांना रियासतकारच म्हणू लागले. मला यात मोठे नवल वाटते ते असे की, मोहिमा आणि तहनामे यांविषयी ते दिवसा राजवाड्यातील कामे उरकून रात्री लिहीत होते, आणि हा क्रम दोन-चार वर्षे नव्हे, नोकरी संपेपर्यंत टिकला.

रियासतीवर टीकाही झाली. इतरांनी शोधून छापलेली कागदपत्रे एकत्र करून सरदेसाई केवळ संकलन करतात, असा तिचा सूर असे. हा आक्षेप अगदीच खोटा म्हणता येणार नाही. राजवाडे, खरे, पारसनीस यांच्यासारख्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली होती. बडोद्यात नोकरीने बांधलेल्या माणसाला तसे हिंडता येणे शक्य नव्हते. पण शेकडो सुट्या पत्रांतून शहाजीपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतची एक सलग कथा कोणीतरी जुळवायला हवी होती. ती कोणी जुळविली नसती, तर सामान्य वाचकाच्या हाती काय आले असते?

१९०४ साली सरदेसायांचा एका बंगाली प्राध्यापकाशी पत्रव्यवहार सुरू झाला. ते होते जदुनाथ सरकार. औरंगजेबाचा इतिहास लिहिण्यासाठी त्यांना मराठी साधने हवी होती, आणि सरदेसायांना फारसी साधनांतील माहिती हवी होती. एकाला जे येत नव्हते ते दुसऱ्याला येत होते. जदुनाथांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावर पुढे जो चार खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याचे नावच गिबनच्या ग्रंथाची आठवण करून देते, आणि त्यांना हिंदुस्थानचा गिबन म्हणणारेही होते. मिर्झाराजे जयसिंगाच्या दक्षिण मोहिमेतील फारसी पत्रे उजेडात आणणारे तेच. हे जयसिंग १६६७ साली आमच्या बऱ्हाणपुरात वारले. त्यांची छत्री गावाजवळ आहे. सहलीला येणारे पुष्कळ जण तिच्याकडे न फिरकता थेट मुमताजमहलच्या आठवणींकडे वळतात. असो.

१९२५ साली सरदेसाई सेवानिवृत्त झाले आणि पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत येथे राहू लागले. याच काळात त्यांच्यावर घाला पडला. त्यांचा मुलगा श्यामकांत रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकला होता. रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी तो जर्मनीला गेला, आणि ऐन तारुण्यात गेला. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वय साठ, पेन्शन सुरू झालेली, आणि घरात असे दुःख. कोणीही हातातील काम ठेवून दिले असते. पण १९२६ साली ते पाटणा विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासावर इंग्रजीतून व्याख्याने देण्यास गेले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांच्यापुढे पेशवे दफ्तर आले.

पेशवे दफ्तर म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर मराठी राज्याचे सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्यात ते कापडी रुमालांत बांधून ठेवले होते. मोडी कागदांचेच सुमारे २७ हजार रुमाल आहेत. त्यांचा उपयोग सरकार मुख्यतः इनामांचे दावे तपासण्यापुरता करी, अभ्यासकांना आत मोकळा प्रवेश नसे. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात रोजनिशीतील काही उतारे बाहेर आले होते, तेवढेच. आता मुंबई सरकारने या कागदांतून निवडक भाग छापण्याचे ठरविले आणि जदुनाथांच्या शिफारशीने ते काम सरदेसायांकडे सोपविले.

यावरून पुण्यात नाराजी उसळली, आणि ती मला समजू शकते. हे दफ्तर खुले व्हावे म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळाची माणसे वर्षानुवर्षे मागणी करीत होती. काम मिळाले ते मात्र बडोद्यात हयात घालविलेल्या एका पेन्शनराला, तेही एका बंगाली इतिहासकाराच्या शब्दावरून. सरदेसायांनी वादात फारशी शक्ती घालविली नाही. मोजके मदतनीस घेऊन ते रुमाल सोडायला बसले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, धूळ खात पडलेले मोडी कागद दिवसेंदिवस वाचणे म्हणजे काय, हे ज्यांनी आजोबांच्या काळचा एखादा मोडी दस्त वाचायचा प्रयत्न केला असेल त्यांना कळेल. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग छापून झाले. आजच्या सरकारी कामाच्या गतीशी तुलना न करणेच बरे.

या मालेतील पहिलाच भाग उदगीरच्या लढाईचा आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा उदगीर येथे पराभव केला आणि तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळविला. त्यात आमचे बऱ्हाणपूर आणि अशीरगड होते, दौलताबाद होते, आणि विजापूरही होते. तेव्हा या अंकाच्या मराठी विभागाचे वाचक आणि कन्नड विभागाचे वाचक यांची गावे एकाच तहाच्या कागदात शेजारी शेजारी आली, असे म्हणण्यास हरकत नाही. बऱ्हाणपूरचे मोल निजामाला किती असेल? पहिला निजाम आसफजाह १७४८ साली तेथेच वारला होता. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे नाके आहे. हा विजय मिळवून भाऊ उत्तरेस गेले, आणि पुढच्या संक्रांतीला पानिपत झाले. मालेचा दुसरा भाग त्याच प्रकरणाचा आहे.

या कागदांनी स्वतः रियासतकारांपुढेच प्रश्न उभा केला. ज्या काळावर त्यांनी आधीच भाग लिहून छापले होते, त्याच काळाची हजारो अस्सल पत्रे आता त्यांच्या हातात आली होती. तारखा बदलत होत्या, कोण कोठे होता आणि कोणी कोणाला काय कळविले हे बदलत होते. जुन्या भागांवर त्यांची कीर्ती उभी होती, तरी त्यांनी पुन्हा मांडणी करायला घेतली. या नव्या साधनांच्या आधारे त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहिला. तो १९४६ ते १९४८ या काळात निघाला. अखेरचा खंड निघाला तेव्हा ग्रंथकार ८३ वर्षांचे होते. त्याआधी जदुनाथांसह पुण्याच्या इंग्रज वकिलातीच्या पत्रव्यवहाराच्या संपादनाचे कामही त्यांनी अंगावर घेतले होते.

एका बाबतीत मात्र आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांची तक्रार आहे. दफ्तरातील फार मोठा भाग हिशेबाचा आहे. त्यात रोजकीर्दी आहेत, जमाखर्चाचे ताळेबंद आहेत, परगण्यांच्या वसुलाचे कागद आहेत. रियासतकारांनी निवड केली ती बहुतांशी राजकारणाच्या आणि लढायांच्या पत्रांची. फौज कोठे गेली हे आपल्याला कळते. तिच्या पगाराचे पैसे कोणत्या सावकाराकडून, किती व्याजाने आले, हे त्या मानाने कमी कळते. कर्ज हा तर पेशवाईचा कायमचा रोग होता! चार-पाच वर्षांत सत्तावीस हजार रुमालांतून निवड करणाऱ्याने काहीतरी मागे ठेवणारच, हे खरे. पण मागे राहिले ते नेमके आमच्या विषयाचे.

जदुनाथ पुष्कळदा कामशेतला येऊन राहत. दोघांनी मिळून किल्ले आणि रणभूमी पाहिल्या. एकमेकांना लिहिलेली त्यांची इंग्रजी पत्रे शेकड्यांनी मोजावी लागतील. त्यांत कागदांच्या तारखांपासून प्रकृतीपर्यंत सर्व काही येते. दोघांनीही आपल्या मुलांचे मृत्यू पाहिले होते. १९५७ साली सरदेसायांना पद्मभूषण मिळाले. मे १९५८ मध्ये जदुनाथ कलकत्त्यास वारले. त्यानंतर दीड वर्षाने, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, सरदेसायांनी कामशेत येथे देह ठेवला. त्या वेळी ते ९४ वर्षांचे होते.

मराठी रियासतीची नवी आवृत्ती स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली आठ खंडांत निघाली आहे. या दोन मित्रांच्या पत्रव्यवहाराच्या आधारे इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २०१५ साली एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. दफ्तरातील रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि मोडी वाचता येणाऱ्याची ते वाट पाहत आहेत.