धोतराच्या गाठीपाशी कॅन्सर शोधणारे डॉ. खानोलकर

साताऱ्यात किंवा सांगलीत कुणाच्या घरी गुदाशयाच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट यायचा असला की सगळं घर त्या एका कागदाकडे डोळे लावून बसतं. तुकडा काढतो एक डॉक्टर, पण गाठ कसली ते सांगतो दुसराच. पॅथॉलॉजिस्ट. पेशंटने त्याचं तोंडही बघितलेलं नसतं.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये त्याला बहुतेकदा ग्रंथींच्या पेशी बिघडलेल्या दिसतात. पण कधीतरी वेगळंच काही दिसतं. पेशीत चिकट द्रव इतका साठतो की केंद्रक एका कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसू लागते. नावही तेच, सिग्नेट रिंग सेल. हा प्रकार क्वचित सापडतो, पण सहसा जास्त आक्रमक असतो. म्हणून ते ओळखणारा डोळा महत्त्वाचा.

भारतात असे डोळे तयार करणारा माणूस म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा, क्वेट्ट्यातला. लंडनला शिकून ते मुंबईत आले, ग्रँट आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या लॅबची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

खरी गंमत पुढे आहे. पेशी बिघडल्यात एवढं सांगून ते थांबले नाहीत. हा माणूस खातो काय, ओढतो काय, नेसतो काय, हेही त्यांनी पाहिलं. १९४५ साली डॉ. सूर्याबाईंसोबत त्यांनी सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर मांडले. चुट्टा उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा. खैनीमुळे ओठाच्या आत होणारा. आणि तिसरा धोतराचा! वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी आवळून कातडी घासत राहते, तिथला. (आपल्याकडच्या आजोबांच्या कमरेवरचा तो पट्टा आठवा.) पुढे साडीच्या, परकराच्या नाडीखालीही असे कॅन्सर नोंदले गेले.

त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवेंनी १९४९ ला पीएचडी केली. १९५२ ला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, तेही खानोलकरांच्याच पुढाकाराने. १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.