हजेरी मोडणारा राजा

पोलीस खात्यातील भ्रष्टाचाराची चर्चा हप्ता, चिरीमिरी आणि निलंबन यांपलीकडे जात नाही. लाच घेणारा हात कधीमधी पकडला जातो. त्या हाताला बळ देणारा बेलगाम अधिकार मात्र शाबूत राहतो. म्हणून आम्हाला राजर्षी शाहू महाराज आठवतात.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि १८९४ मध्ये करवीरचा कारभार त्यांच्या हाती आला. सरकारी नोकऱ्या मूठभरांच्या ताब्यात होत्या. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या.

त्या काळी महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावकामगारांपुढे हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून! ज्याच्या एका शब्दावर माणूस गुन्हेगार ठरतो, त्याच्यापुढे गरिबाने काय करावे? पैसा असेल तर पैसा द्यावा, नसेल तर फुकट राबावे. १९१८ मध्ये महाराजांनी ही हजेरीच बंद केली. त्याच वर्षी कुलकर्णी वतन नष्ट करून पगारी तलाठी नेमले. पिढीजात सत्ता गेली, जाब विचारता येईल असा नोकर आला. १९२० मध्ये वेठबिगारीवरही बंदी आली.

ज्या फासेपारध्यांना जग चोर म्हणत होते, त्यांनाच महाराजांनी पहाऱ्यावर नेमले, राहायला घरे दिली. त्याच १९२० साली माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावरच जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. ती हवीतच. पण पालावरच्या बाईला तिथवर पोहोचवणार कोण?

लाचखोराला शिक्षा झालीच पाहिजे. मात्र जातीवरून संशय घेण्याची मुभा आहे तोवर त्या संशयाचा बाजार चालूच राहणार. महाराजांनी त्या बाजाराचे दुकानच उठवले होते. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या राज्यकर्त्यांना आमचा एवढाच सवाल आहे : वस्तीवरची ही अलिखित हजेरी तुम्ही कधी बंद करणार?