रॉबर्ट बॉईल व थंड प्रकाशाचे कोडे

वैशाख सरत येऊन वळवाच्या सरी पडू लागल्या म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा व पुरुषवाडीच्या बाजूस, झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. पुढे पावसाची झड लागली की भीमाशंकरच्या रानात कुजके, ओले लाकूडही रात्री हिरवट प्रकाशते. ते पाहून भुताटकीची शंका कित्येकांस येते. धूर नाही, ऊब नाही, आणि प्रकाश मात्र आहे. तोही भिजलेल्या वस्तूत! पाणी तर अग्नीचा वैरी. मग हा दीप कसला? भीती बाजूस सारून या प्रश्नाची प्रयोगाने परीक्षा करणाऱ्या पहिल्या पुरुषांपैकी रॉबर्ट बॉईल हे एक होत.

त्यांचा जन्म इ. स. १६२७ च्या जानेवारीच्या २५ व्या तारखेस आयर्लंडातील लिस्मोर येथील गढीत झाला. कॉर्कचे धनाढ्य उमराव रिचर्ड बॉईल यांचे ते चौदावे अपत्य. प्रकृती नाजूक, दृष्टी अधू व बोलण्यात तोतरेपणा, अशा अडचणी त्यांच्या वाट्यास आल्या. शिक्षणासाठी जिनीव्हा येथे असता एका रात्री विजांचा भयंकर कडकडाट झाला. त्या प्रसंगापासून त्यांचे चित्त देवाकडे लागले, ते अखेरपर्यंत ढळले नाही. सृष्टीचे निरीक्षण करणे ही निर्माणकर्त्याचीच सेवा होय, अशी त्यांची श्रद्धा होती.

ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट हूक यांच्या साहाय्याने त्यांनी हवा काढून घेण्याचा पंप तयार करविला. हवेचा दाब व आकारमान यांचा जो नियम आपण शाळेत शिकतो, तो त्यांनी १६६२ साली प्रसिद्ध केला. पुढे १६६७ च्या ऑक्टोबरात त्यांनी प्रकाशणारे लाकूड अशाच पंपाच्या काचपात्रात ठेविले. हवा काढताच प्रकाश मंदावला व लोपला. हवा पुन्हा सोडताच तो परत आला. विझलेला निखारा नुसत्या हवेने असा पुन्हा पेटत नाही. लाकडाचा प्रकाश निखाऱ्याहून निराळा, तथापि त्यासही हवा हवी, हे यावरून सिद्ध झाले.

१६७७ साली क्राफ्ट नामक जर्मन गृहस्थाने लंडनात स्फुरद हा नवा पदार्थ त्यांना दाखविला. तो मनुष्याच्या शरीराशी संबंधित वस्तूपासून काढिला आहे, एवढ्या सुगाव्यावरून बॉईल यांनी पुष्कळ खटपट करून १६८० साली तो स्वतः सिद्ध केला. पांढरा स्फुरद ओलसर हवेत मंद प्रकाश देतो. परंतु थोड्याशा उबेने पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवावा लागतो. येथे पाणी हे पहारेकरी होय; ते हवेस आत येऊ देत नाही. (हा पदार्थ अति विषारी असल्याने मुलांनी त्यास कधीही हात लावू नये.)

लाकडातील पाण्याचे काम मात्र याच्या उलट आहे. बॉईल यांच्या काळी जे ठाऊक नव्हते ते आज आपणांस ठाऊक आहे: लाकूड स्वतः प्रकाशत नाही, त्यात वाढणारी बुरशी प्रकाशते, आणि ओलीवाचून बुरशी जगत नाही. १८८५ साली दुबॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रकाशणाऱ्या भुंगेऱ्यांचा अर्क गार पाण्यात काढिला, तो थोड्या वेळाने विझला. त्यात ऊन पाण्यातील अर्क ओतताच पुन्हा उजळला. म्हणजे दोन द्रव्ये पाण्यात एकत्र येतात, हवेतील प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो, व उष्णतेवाचून प्रकाश निपजतो. पाणी स्वतः प्रकाशत नाही. पण ते नसेल तर ही भेटच घडत नाही.

बॉईल यांचे आचरणही त्यांच्या विद्येस शोभणारे होते. १६८० साली रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले असता, शपथ घेणे सदसद्विवेकास रुचेना म्हणून त्यांनी ते नाकारिले. मलायी भाषेतील शुभवर्तमाने व आयरिश भाषेतील नवा करार छापण्यास त्यांनी पदरचे द्रव्य दिले. आपली प्रिय भगिनी कॅथरीन हिच्या मृत्यूनंतर सुमारे आठवड्याने, १६९१ च्या डिसेंबर अखेरीस, ते निवर्तले. अविवाहित असलेल्या या पुरुषाने मृत्युपत्रात ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्यानमालेची तरतूद करून ठेविली होती.

मुलांनो, हवेचे कार्य बॉईल यांनी दाखविले. ओलीचे मर्म उकलण्यास पुढील दोन शतके लागली. एका मनुष्याच्या आयुष्यात प्रश्न सुटला नाही म्हणून तो विचारणे व्यर्थ ठरत नाही. पुढच्या पावसाळ्यात ओले लाकूड प्रकाशताना दिसल्यास पळून जाऊ नका. जवळ जा, नीट पाहा, ते वाळले म्हणजे काय होते तेही पाहा. आणि घरी येऊन आईवडिलांस सांगा.