कापसाचा भाव आणि जोतीरावांची अर्पणपत्रिका

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे. औराद, भालकी, बसवकल्याण या आपल्या भागात महात्मा बसवेश्वर आणि बाबासाहेबांच्या शेजारी त्यांची तसबीर अनेक ठिकाणी दिसते. तेव्हा सगळे चरित्र पहिल्यापासून सांगण्यापेक्षा त्यातला एकच धागा आम्ही येथे धरतो. अमेरिकेत गुलामगिरीवरून चार वर्षे यादवी युद्ध झाले, त्याचा पुण्यातल्या या गृहस्थाशी काय संबंध आला, हा तो धागा.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा होता. आई चिमणाबाई लवकर गेल्या. शाळेत घातलेले पोर लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी काढून घेतले आणि मळ्यात कामाला लावले. पुढे गफार बेग मुनशी आणि लिजीट साहेब या दोन शेजाऱ्यांनी रदबदली केली, म्हणून ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ शकले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती मध्ये पडले नसते तर पुढचे काहीच घडले नसते, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

अमेरिका त्यांच्या वाचनात तरुणपणीच आली. शिवाजी महाराजांच्या बरोबरीने जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र त्यांनी वाचले, आणि विशीत थॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक. १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला आणि त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढच्या वर्षी दोघांना घर सोडावे लागले. हा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

१८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामांच्या मेहनतीवर कापूस पिकवणारी दक्षिणेकडची राज्ये एकामागून एक संघातून फुटली. एकूण अकरा राज्ये फुटली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या, तेव्हा जोतीरावांना चौतिसावे वर्ष पुरे होऊन एक दिवस झाला होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येत असे. आता त्यांची नजर वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे वळली.

मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडला. भाव तिपटी-चौपटीने चढले. रोज नवी कंपनी, नवी बँक. समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. बँक ऑफ बॉम्बेने नुसत्या शेअरच्या तारणावर कर्जे दिली. आमचा जन्म बँकेत गेला, त्यामुळे हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस उजाडला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. १८६८ मध्ये ती बँकही गुंडाळावी लागली.

तिकडे रणांगणावर काय चालले होते? युद्धाच्या सुरुवातीला लिंकन यांचे उद्दिष्ट संघराज्य टिकवणे एवढेच होते. गुलामी मोडण्याची भाषा नंतर आली. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. त्याच जुलैत गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेचे कंबरडे मोडले. सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत लढले, त्यांतले कित्येक स्वतः काल-परवापर्यंत गुलाम होते. सहा लाखांहून अधिक माणसे मेली. लिंकन यांचा एप्रिल १८६५ मध्ये खून झाला. डिसेंबरात घटना दुरुस्त होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे चाळीस लाख माणसे मोकळी झाली.

१८६३ हेच साल जोतीरावांच्या चरित्रातही मोठे आहे. फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल जिवंत राहावे, म्हणून त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे सर्व चालू असताना ते कंत्राटदारीही करत होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता, त्यामुळे मजूर कसा राबतो आणि त्याच्या हातात काय पडते हे त्यांनी जवळून पाहिले होते.

मुंबईने त्या युद्धाकडे कापसाच्या भावाच्या तारा वाचत पाहिले. जोतीरावांनी त्यात काय पाहिले ते १८७३ च्या जूनमध्ये कळले. त्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघाले आणि ते त्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना अर्पण केले. निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी त्या लोकांनी स्वार्थ सोडून केलेल्या त्यागाचा गौरव त्यांनी केला आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छा व्यक्त केली. पुस्तक स्वतः जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून चालते.

कंपनी सरकारने १८४३ साली कायदा करून गुलामीचा कोर्टातला आधार काढून घेतला होता. म्हणजे कागदोपत्री पुण्यात गुलाम नव्हतेच. ज्याला विहिरीवर पाणी मिळत नाही आणि ज्याच्या मुलाला शाळा नाही तो मग कोण, हा जोतीरावांचा सवाल होता. आपल्या बिदरजवळ हबशी कोट नावाची टेकडी आहे, तिथे जुन्या कबरी आहेत. दख्खनच्या दरबारात विकत आणलेले हबशी सरदार होत, मलिक अंबर तर निजामशाहीचा कर्ता झाला. विकत घेतलेला माणूस तिथवर चढला आणि न विकलेला महार-मांग मात्र वेशीबाहेरच राहिला, हे मनात आणले की जोतीरावांची तुलना अतिशयोक्तीची वाटत नाही. अमेरिकेच्या लोकांबद्दल मात्र ते जरा जास्तच उदार होते असे आम्हास वाटते. १८७७ नंतर दक्षिणेतून सरकारी फौजा निघाल्या आणि मुक्त झालेल्यांचे हक्क पुन्हा हिरावले गेले.

अर्पणपत्रिकेनंतर तीन महिन्यांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढच्या वर्षी त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तोच यशवंत.

पण त्या युद्धाचा दुसरा हिशेब अजून फिटायचा होता. पुणे-नगरकडे कापूस फारसा नव्हता, तरी तेजीचा पैसा तिथवर पोहोचला. धान्याचे भाव वाढले, रेल्वेची कामे निघाली, सावकारांनी सढळ हाताने उधारी दिली. त्याच चढ्या भावांच्या काळात जमिनीची फेरमोजणी होऊन सारा वाढला. मग भाव उतरले. सारा उतरला नाही, व्याज तर नाहीच नाही. ज्यांनी पीककर्जाच्या फायली पाहिल्या आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि गावोगावी कर्जखते जाळली गेली. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो या पार्श्वभूमीवर. शेतकऱ्याला सरकारी सारा, सावकार, कारकून आणि भटजी असे चौघे मिळून कसे नागवतात, त्याच्या घरातली भांडी आणि अंगावरची वस्त्रे कशी असतात, हे त्यात तपशिलाने येते. त्याआधी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले होते. सरकारचे उत्पन्न येते रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. जमाखर्चाची ही बाजू त्या काळात इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात ते गेले, आणि अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः हातात टिटवे धरले. डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक दुसऱ्या वर्षी, १८९१ मध्ये छापून आले.