लांब पल्ल्याची धाव : आबेबे बिकिला

रविवारशाळेच्या वार्षिक शर्यती पाहताना एक गोष्ट आपल्या सर्वांच्या ध्यानात येते. शिट्टी वाजताच काही मुले बाणासारखी सुटतात, पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे असतात आणि शेवटच्या फेरीत धापा टाकीत कडेला बसतात. मागून एकसारख्या चालीने येणारे एखादे मूल मात्र दोरीपर्यंत पोहोचते. प्रेषित पौलाने ख्रिस्ती जीवनाला धावेची उपमा दिली, ती आपण मुलांना शिकवतो. पण लांब पल्ल्याची धाव शरीराने किती धावावी लागते आणि मनाने किती, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून या वेळी इथिओपियाचा मॅरेथॉनपटू आबेबे बिकिला याच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

आबेबेचा जन्म 7 ऑगस्ट 1932 रोजी इथिओपियाच्या डोंगराळ शेवा प्रांतातील जातो या खेड्यात, एका मेंढपाळाच्या घरी झाला. तो तीन वर्षांचा असताना इटलीच्या सैन्याने त्याच्या देशावर स्वारी केली. ती परकी सत्ता 1941 साली गेली. तरुणपणी आबेबे राजधानी अदिस अबाबा येथे आला आणि सम्राट हेले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई झाला. तेथे ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाच्या नजरेस तो पडला आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले.

अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत राहणाऱ्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास अधिक समर्थ होते. परंतु हवा सर्वांनाच मिळते, धावपटू सर्वच होत नाहीत. निस्कानेनने आबेबेकडून चढावर, खडकाळ वाटेवर आणि सपाट रस्त्यावर, कधी बूट घालून तर कधी अनवाणी, नियमाने सराव करून घेतला. मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरांची असते. सुमारे 30 किलोमीटरांनंतर शरीरातील साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात आणि मन थांबण्याची कारणे शोधू लागते. तोवर ज्याने शक्ती राखून ठेवली असेल त्याचाच पुढे निभाव लागतो. शक्ती राखणे ही आबेबेची खरी विद्या होती. त्याची पावले हलकी पडत, खांदे सैल असत आणि चेहऱ्यावरून त्याचा थकवा ताडता येत नसे.

1960 साली तो रोमच्या ऑलिम्पिकला गेला तेव्हा जगात त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. तेथे घेतलेले नवे बूट त्याच्या पायांना नीट बसेनात, फोड येऊ लागले. अनवाणी धावण्याची सवय होतीच, तेव्हा बूट बाजूला ठेवण्याचे ठरले. लोकांना ते साहस वाटले. खरे पाहता तो आपले पाय ओळखणाऱ्या माणसाचा शहाणा निर्णय होता.

10 सप्टेंबर रोजी, उन्हाचा ताप टाळण्यासाठी, शर्यत सायंकाळी सुरू झाली. 26 क्रमांकाच्या मोरोक्कोच्या राधीवर लक्ष ठेवायचे, असे आबेबेला सांगण्यात आले होते. पण राधी त्या दिवशी 185 हा क्रमांक लावून धावत होता. आबेबे त्याच्याच बरोबरीने चालला होता आणि 26 क्रमांकाचा माणस अजून पुढे आहे असे समजत होता! तरी तो बावरला नाही, उगाच वेग वाढवून दमला नाही. अंधार पडला. आप्पियन मार्गावर सैनिकांनी हाती धरलेल्या मशालींच्या उजेडात दोघे धावत राहिले. शेवट जवळ आला तेथे अक्सुमचा प्राचीन स्तंभ उभा होता. इटलीने तो 1937 साली इथिओपियातून आणला होता. आबेबेने व निस्कानेनने मार्ग आधी पाहून ठेवला होता आणि वेग वाढवण्याची जागा म्हणून हीच खूण धरली होती. तेथे आबेबे सुटला तो कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली 25 सेकंद आधी पोहोचला. वेळ होती 2 तास 15 मिनिटे 16 सेकंद, तोवरची जगातील सर्वोत्तम. ज्या देशाने त्याचा देश जिंकला होता त्याच्या राजधानीत एका शिपायाने हे केले. तो स्तंभ 2005 साली इथिओपियाला परत मिळाला.

1964 च्या टोकियो ऑलिम्पिकपूर्वी सुमारे पाच आठवडे त्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. तरी 21 ऑक्टोबर रोजी, या वेळी बूट घालून, त्याने 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत धाव संपवली. दुसरा धावपटू चार मिनिटांहून अधिक मागे होता. तो येईपर्यंत आबेबे हिरवळीवर व्यायाम करीत होता! ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. 1968 साली मेक्सिकोत मात्र पायाच्या दुखापतीमुळे त्याला सुमारे 17 किलोमीटरांवर थांबावे लागले. ती शर्यत त्याचाच देशबांधव मामो वोल्दे याने जिंकली.

मार्च 1969 मध्ये एका रात्री, सम्राटांनी भेट दिलेली मोटार चालवीत असता, आबेबेला अपघात झाला. पाठीच्या कण्याला इजा झाली. प्रथम हातही हलेनात. त्याला इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात नेण्यात आले. जखमी सैनिकांना खेळातून उभारी देण्याचे काम डॉ. लुडविग गुटमन यांनी तेथे 1948 पासून चालवले होते. कित्येक महिन्यांच्या उपचारांनी हातांत बळ आले, पाय मात्र कायमचे गेले. ज्या पायांमुळे जग त्याला ओळखत होते तेच गेले. आता आबेबे म्हणून काय उरले, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला असेल, तर नवल नाही.

त्याचे उत्तर त्याने पूर्वीच्याच रीतीने दिले. थोडे थोडे, रोज, न चुकता. तो चाकांच्या खुर्चीत बसून धनुष्यबाण चालवण्यास शिकला आणि 1970 साली अपंगांच्या स्पर्धेत उतरला. 1971 साली नॉर्वेत बर्फावरील घसरगाडीच्या 25 किलोमीटरांच्या शर्यतीत तो पहिला आला. 1972 साली म्युनिकला तो पाहुणा म्हणून गेला तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याचा गौरव केला. 25 ऑक्टोबर 1973 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी, पत्नी व चार मुले मागे ठेवून तो मरण पावला.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट सांगताना रोमच्या कमानीपाशी थांबण्याचा मोह होतो. मुलांना विजय आवडतो, आपल्यालाही आवडतो. पण आपल्या वर्गांत एखादे मूल असे असते की जे कधीच शर्यतीत उतरू शकणार नाही. आपल्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली माणसेही असतात. त्यांच्यासाठी गोष्ट म्युनिकपर्यंत न्यावी. मशालींच्या उजेडात धावलेला आणि खुर्चीत बसून धनुष्य ताणणारा, हे दोघे एकच आबेबे होते, एवढे मुलांना समजले तरी तो तास सत्कारणी लागला असे आम्ही मानू.