वाफेच्या जहाजाचे इंजिनिअर : अर्देशीर वाडिया



शिवाजी महाराजांचे आणि कान्होजी आंग्र्यांचे आरमार आपल्याला ठाऊक आहे. पण आरमाराला तोफांइतकेच शास्त्रही लागते. ते शास्त्र शिकणाऱ्या एका थोर माणसाची माहिती मी इथे लिहिली आहे. त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी झाला. त्यांचे पारशी घराणे जहाजे बांधणारे. लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची गोदी याच घराण्याने सांभाळली. त्यांचे सागवानी काम किती पक्के म्हणाल? १८१७ साली मुंबईत बांधलेले त्रिंकोमाली नावाचे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये अजून पाण्यावर तरंगते आहे!

अर्देशीर १८२२ साली वडिलांच्या हाताखाली गोदीत कामाला लागले. तेव्हा त्यांचे वय अवघे १४, म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे. पण त्यांचे मन शिडांपेक्षा वाफेच्या इंजिनात जास्त रमे.

आता तुम्ही म्हणाल, जहाजाला वाफ कशाला? बघा, शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर. वारा पडला की बसलेल्या बैलासारखं ते जागचं हलत नाही. लढाईत असं जहाज काय कामाचं? वाफेचं तसं नसतं. चुलीवर पाणी उकळलं की वाफ झाकण उडवते, तशीच बॉयलरमधली वाफ दट्ट्या ढकलते. दट्ट्या चाके फिरवतो, आणि जहाजाच्या दोन्ही अंगांची मोठी चाके पाणी कापत जहाज पुढे नेतात. ह्यू लिंडसे हे मुंबईत बांधलेले वाफेचे जहाज १८३० साली मुंबईहून सुएझपर्यंत गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराला अशी जहाजे हवी होती, पण त्यांची यंत्रे जाणणारी माणसे इथे फार थोडी होती.

अर्देशीरांनी हे शिकायचेच ठरवले. वयाच्या २५ व्या वर्षी, १८३३ साली, त्यांनी इंडस नावाचे ६० टनांचे जहाज बांधले. वाफेवर चालणारा पाण्याचा पंप बसवला. १८३४ साली माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. ते बघायला खुद्द गव्हर्नरसाहेब आले होते.

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १८३९ साली ते वाफेच्या यंत्रांचे ज्ञान घेण्यासाठी इंग्लंडला गेले. या प्रवासाची त्यांनी रोजनिशी लिहिली, ती १८४० मध्ये लंडनला छापली गेली.

परत आल्यावर १८४१ साली कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य इंजिनिअर नेमले. त्यांच्या हाताखाली गोरे कारागीर होते. राज्य गोऱ्यांचे आणि साहेब आपला माणूस! मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने या नेमणुकीवर टीका केली. पण अर्देशीर पुढे कितीतरी वर्षे कारखाना सांभाळत राहिले. त्याच वर्षी, २७ मे रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय रामानुजन, तेही १९१८ साली, म्हणजे तब्बल ७७ वर्षांनी!

१८४९ साली ते अमेरिकेला गेले. तिथली लाकूड कापायची यंत्रे त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती मुंबईच्या गोदीसाठी घेतली. शिवणयंत्रही मुंबईला त्यांनीच आणले. १८५१ साली त्यांनी लवजी फॅमिली हे वाफेचे जहाज पाण्यात सोडले. त्याचे सगळे भाग त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात घडवले होते. निवृत्तीनंतर ते इंग्लंडमध्ये रिचमंडला राहिले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच वारले. १९६९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. घराण्याचे नाव एवढे मोठे होते की जन्मभर सागवान तासत बसले असते तरी मान मिळाला असता. पण काळ लोखंडाचा आणि वाफेचा येतो आहे हे ओळखून ते पुन्हा विद्यार्थी झाले. पालकांनो, तुमच्या मुलाने किंवा मुलीने सायकल नाहीतर पंप खोलून बघितला तर लगेच रागावू नका. आधी विचारा, आत काय दिसलं?

– इयत्ता सातवी